सरळ कडेचं वावडं

तुमच्या घरात असा किती कागद पडून आहे, ज्यावर कुणी काही लिहिलेलं नाही आणि तुम्ही जिवंत असेपर्यंत कुणाला लिहूही देणार नाही? खरं सांगा. दिवाळीच्या भेटीवरून हलक्या हाताने सोडवलेला, गादीखाली सपाट करून ठेवलेला चमचमता कागद. लग्नपत्रिकेचं जाडजूड पाकीट. भाचीला म्हणून आणलेल्या आणि तिला न दिलेल्या चिकटवायच्या कागदी टिकल्या. असेल तर तुम्ही आमच्या बाईंच्या पंथातले आहात, फक्त तुमची साधना कमी पडते. डहाणूच्या किनाऱ्यापासून तलासरीच्या डोंगरापर्यंत कागदाचा सर्वांत मोठा साठा कुणाकडे, असं विचारलं तर लोक सरकारी कचेऱ्यांकडे बोट दाखवतील. पण कचेरीतल्या कागदावर निदान काहीतरी लिहिलेलं असतं. निव्वळ कोरा, रंगीत आणि कुणाच्याही उपयोगाचा नसलेला कागद आशागडला बाईंच्या दोन खोल्यांत आहे. त्या साठ्यासमोर कुठलीही कचेरी हात टेकेल.

बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या कार्यानुभवाच्या बाई. कार्यानुभव हा असा विषय, की गणिताच्या सरांचे धडे मागे पडले की तो तास त्यांना देऊन टाकायचा. बाईंनी तो एकदाही दिला नाही. सर दारात येऊन उभे राहिले की बाई हातातली कात्री खाली न ठेवता म्हणायच्या, "सर, मुलांच्या हाताला खळ लागलीय. आता ती अपूर्णांकांना लागेल." निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. माहेर किनाऱ्यावरचं, चिकूच्या वाडीवाल्यांचं, त्यामुळे सगळा संसार चिकूच्या खोक्यांत भरलेला. एका खोक्यात घोटीव कागद, दुसऱ्यात पतंगाचा, तिसऱ्यात क्रेपचा, चौथ्यात मार्बल पेपर. मार्बल पेपर म्हणजे ज्यावर निळ्या-जांभळ्या शाईचे ओघळ पसरलेले असतात तो, पूर्वी शाळेच्या हजेरीपुस्तकाला आतून लावायचे. पाचव्या खोक्यात काय आहे ते बाईंनाही आठवत नाही, पण त्याला हात लावायचा नाही हे आठवतं.

आणि मी? मी पत्रकांवर वाढले. आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं नव्हती, वडिलांनी लिहिलेली पत्रकं होती. ते ती तलासरीच्या आठवडी बाजारात वाटायचे, आणि उरलेली आमच्याकडे फडताळात अंथरायला, चूल पेटवायला आणि मला अक्षरं शिकवायला वापरली जायची. 'आई' आणि 'बाबा' यांच्या आधी मला 'जाहीर' आणि 'निषेध' वाचता येत होतं. कागद हा दोन्ही बाजूंनी लिहायचा, समासापर्यंत भरायचा आणि संध्याकाळच्या आत वाटून टाकायचा, हे माझं तत्त्व. साठवलेला कोरा कागद मला साठवलेल्या धान्यासारखा दिसतो, रागच येतो. त्यामुळे बाईंच्या घरी मी दर पंधरा दिवसांनी जाते ती फक्त चहासाठी नव्हे, भांडायलाही जाते.

भांडायला विषय कमी नसतात. त्यांच्याकडे चमकीच्या छत्तीस ट्यूब आहेत, त्यातल्या पस्तीस दगड झाल्या आहेत. छत्तिसावीतून काही निघतं का ते बघायला त्या दर दिवाळीला ती दाबतात आणि पुन्हा ठेवतात. लग्नपत्रिकांवरचे सोनेरी उठावाचे गणपती कापून त्यांनी एका बिस्किटाच्या डब्यात ठेवले आहेत, शंभरावर तरी असतील, एकमेकांच्या पोटावर सोंड टाकून झोपलेले. मी एकदा म्हटलं, बाई, हा डबा उघडायला परवानगी लागत असेल. त्या म्हणाल्या, तुझ्यासारख्या नास्तिकाला लागते. नव्या वर्षाच्या स्टिकरचे गठ्ठे आहेत, चंदेरी आकड्यांचे, दोनावर तीन शून्यं असलेले. ते वर्ष येऊन गेलं, त्या वर्षी जन्मलेली पोरं आता वापीच्या कंपनीत कामाला जातात. तरी बाई ते टाकत नाहीत, कारण त्यातला दोनाचा आकडा आणि पहिलं शून्य, त्यांच्या हिशेबाने, अजून पुष्कळ वर्षं चालणार आहेत.

पूर्वी गाणारी शुभेच्छापत्रं मिळायची, उघडली की आतून वाढदिवसाची धून वाजायची. अशा मेलेल्या पत्रांच्या पोटातल्या चकत्याही बाईंनी काढून ठेवल्या आहेत. यातली एक चकती मेलेली नव्हती हे आम्हाला शोकसभेत कळलं. माझ्या वडिलांच्या एका जुन्या सहकाऱ्याची शोकसभा होती. मी भाषण करत होते, 'त्यांचा लढा थांबणार नाही' या वाक्यापर्यंत आले होते, आणि दुसऱ्या ओळीत बसलेल्या बाईंच्या पिशवीतून ती धून सुरू झाली. बाईंनी पिशवी दाबली, तर आवाज वाढला. त्यांनी तिच्यावर बसून पाहिलं. धून थांबली नाही, फक्त जराशी घोगरी झाली. शेवटी दिवंगतांच्या पत्नीच हसल्या आणि म्हणाल्या की यांनी आयुष्यात वाढदिवस करू दिला नाही, आज होतोय तर होऊ द्या. मी भाषण तिथेच संपवलं. बाईंशी पुढे महिनाभर बोलले नाही. ती चकती अजून त्यांच्याकडे आहे, 'चालू' अशी चिठ्ठी लावून.

पण बाईंचं खरं व्यसन म्हणजे नागमोडी कात्री. जिने कापलं की कागदाला कापडाच्या नमुन्यासारखी दातेरी कड येते ती, झिगझॅग कात्री. गेल्या काही वर्षांत बाईंनी सरळ काही कापलेलंच नाही. वाढदिवसाचं कार्ड असो, किराण्याची यादी असो, रेशनकार्डाची झेरॉक्स असो, कड दातेरी. विजेच्या बिलाचा अर्धा भाग कापून देतात तोही दातेरी. खिडकीवरचा माणूस त्यांना 'डिझाइनवाल्या मावशी' म्हणतो. माझं पहिलं पत्रक छापून आलं तेव्हा मी मोठ्या अभिमानाने त्यांना एक प्रत दिली होती. आठ दिवसांनी ती परत आली, चारही बाजूंनी दातेरी कापलेली, आणि मागे पेन्सिलीने शेरा: मजकूर ठीक, कड कच्ची होती. माझं शेवटचं वाक्य त्या कापाकापीत अर्धं गेलं होतं. क्रांतीची दोन्ही अक्षरं बाईंच्या केराच्या टोपलीत गेली, असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

थट्टा पुरे म्हणाल. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी. आमच्या शाळेत येण्याआधी बाई बरीच वर्षं तलासरीकडे, हायवेच्या पूर्वेला एका पाड्यावरच्या चौथीपर्यंतच्या शाळेत होत्या. तिथे हजेरीपुस्तकात सगळ्या मुलांची जन्मतारीख एकच होती, एक जून. शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता येत नव्हती आणि आधीच्या गुरुजींना विचारत बसायला वेळ नव्हता, म्हणून अख्खा पाडा एकाच दिवशी जन्मला. बाईंना मुलांना वाढदिवसाची कार्डं द्यायची होती, आणि एक जूनला तर शाळाच बंद. मग त्या घरोघरी गेल्या आणि आयांना विचारत बसल्या. कुणी म्हणाली, भात लावताना. कुणी म्हणाली, नागली कापून झाली तेव्हा, खळ्यावरच. कुणी म्हणाली, महालक्ष्मीच्या जत्रेहून परतले त्या रात्री. बाईंनी ते सगळं एका वहीत उतरवलं, आणि नागली कापायला आली की नागलीच्या पोरांना कार्डं मिळू लागली. सरकारला न मिळालेली माहिती एका कार्यानुभवाच्या बाईला मिळाली, कारण तिला ती कार्डासाठी हवी होती. हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर आणखी दोन खोकी आणली असती.

तर गेल्या वर्षी तीच शाळा बंद करायचं घाटत होतं. पट कमी, म्हणून पोरांना हायवेच्या पलीकडच्या शाळेत घालायचं. ज्यांनी हे ठरवलं त्यांनी तो रस्ता कधी सहा वर्षांच्या पोराचा हात धरून ओलांडला नसणार. ट्रेलर थांबत नाहीत, आणि उड्डाणपूल आहे तो पोरांच्या पायांपासून दोन किलोमीटर लांब. ग्रामसभेने विरोधाचा ठराव करायचा होता, आणि ठरावाखाली मोजक्या सह्या असल्या की वर त्याचं काय होतं हे मी लहानपणापासून बघितलेलं. म्हणून मी पत्रक काढलं. दोन्ही बाजूंनी भरलेलं, बारीक टाइपात, चौदा मुद्द्यांचं. बाजारात स्वतः वाटलं. तासाभराने सुकी मासळी घ्यायला गेले तर माझ्या मुद्दा क्रमांक नऊमध्ये मासळीवालीने मलाच बोंबील बांधून दिले.

सभेला अकरा माणसं आली. त्यात मी आणि ग्रामसेवक धरून. ग्रामसेवकांनी घड्याळ बघितलं, सभा तहकूब केली आणि आठ दिवसांनी पुन्हा ठेवली. तेव्हाही हेच झालं तर शाळा गेली, हे त्यांनी मला फार सौजन्याने समजावून सांगितलं.

मी तशीच आशागडला गेले आणि बाईंसमोर लोकांच्या नावाने तासभर बोटं मोडली. लोकांना स्वतःचं भलं कळत नाही, लोक झोपलेत, वगैरे. बाई जुन्या क्विलिंगच्या पट्ट्या रंगांप्रमाणे लावत बसल्या होत्या. या पट्ट्या गुंडाळून पूर्वी फुलं करायचे, आता कुणी करत नाही. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "पत्रक कुणाला लिहिलं होतंस?"

"जनतेला."

"जनता कितव्या घरात राहते?"

मी चिडले. त्या शांतपणे उठल्या, चौथं खोकं ओढलं आणि मार्बल पेपरचा गठ्ठा टेबलावर ठेवला. मी शाळेत असल्यापासून तो गठ्ठा बघत होते. त्यातला एक ताव मागितला म्हणून मला पाचवीत वर्गाबाहेर उभं केलं होतं. पाड्यावर घरं किती, बाईंनी विचारलं. एकसष्ट, मी म्हटलं. मग त्यांनी वही काढली, तीच, नागलीच्या पोरांची, आणि घराघरातल्या बायकांची नावं वाचायला लागल्या. त्यातल्या निम्म्या त्यांच्याकडे शिकलेल्या, उरलेल्या शिकलेल्यांच्या आया किंवा सुना. सुनांची नावं वहीत नव्हती, ती मी फोन करून विचारली.

मजकुरावरून आमचं पुन्हा भांडण झालं. मला निदान पाच मुद्दे हवे होते. बाईंनी कार्डावर बोट ठेवून दाखवलं की नाव, दिवस आणि वेळ लिहिल्यावर एका ओळीचीच जागा उरते. मी 'तुम्ही' लिहायला घेतलं तर म्हणाल्या, 'तू' लिही, 'तुम्ही' म्हटलं की नोटीस वाटते. रागारागात मी लिहिलं: 'तू आल्याशिवाय सभा सुरू होणार नाही.' बाईंनी ते वाचलं आणि मान डोलावली. पत्रकांच्या इतिहासात मला मिळालेली ही एकमेव संपादकीय पसंती. मग मी तेच वाक्य एकसष्ट वेळा लिहिलं, विचार न करता.

गणपतींचा डबा त्यांनी उघडू दिला नाही. सभेचं बोलावणं आहे, लग्नाचं नाही, म्हणाल्या. पण बाकी सगळं निघालं. घोटीव कागदाची फुलं, कागदातून फुलं पाडणारे पंच, चंदेरी शून्यं. ती शून्यं त्यांनी फुलांच्या मध्ये चिकटवली, म्हणजे अखेर कामाला आली. कापायचं काम बाईंकडे, लिहायचं माझ्याकडे. दुपार सरत आली तरी वीस कार्डं झाली नव्हती, कारण ती दातेरी कात्री बोथट, प्रत्येक काप दोनदा घ्यावा लागत होता. मी माझ्या पिशवीतली धारदार, सरळ कात्री त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती बाजूला सारली. मी पुन्हा पुढे केली. म्हटलं, बाई, आज तरी हौस सोडा, आठ दिवसांवर सभा आहे. त्यांनी कात्री घेतली, निळा मार्बल पेपर धरला आणि कापायला लागल्या.

काप एका बाजूला गेला, मग दुसऱ्या. लाटेसारखा. मी कागदाकडे बघत होते, मग त्यांच्या हाताकडे बघितलं. मनगटापासून बोटांपर्यंत हात थरथरत होता, बारीक, सारखा. किती वर्षं थरथरत होता कुणास ठाऊक. मी दर पंधरा दिवसांनी त्यांच्या हातचा चहा प्यायले आहे. कप त्या नेहमी अर्धाच भरतात, त्यालाही मी कंजूषपणा म्हणत आले.

त्यांनी सरळ कात्री माझ्याकडे परत सरकवली.

"सरळ रेषेत सगळं दिसतं," त्या म्हणाल्या. "नागमोडीत खपून जातं."

मग त्यांनी आपली कात्री घेतली आणि वाकडा गेलेला तोच तुकडा पुन्हा दातेरी कापला. मला फरक सांगता आला नसता. मी खाली बघून पुढचं नाव लिहिलं. एकसष्ट कार्डं चार दुपारींत झाली, आणि मार्बल पेपरचा गठ्ठा संपला. शेवटचा ताव कापताना त्यांनी मला वर्गाबाहेर काढल्याची आठवण काढली आणि म्हणाल्या, तेव्हा दिला असता तर आज एक कमी पडला असता. मी वाद घातला नाही. नोंद करून ठेवायला हवी, असं पहिल्यांदाच घडलं.

सभेच्या दिवशी मी बाईंना घेऊन पाड्यावर गेले. कार्डं आदल्या दिवशी घरोघर पोचली होती. ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्याच शाळेतल्या पोरांनी वाचून दाखवली होती. बायका यायला लागल्या, कार्ड पदराखाली किंवा ब्लाउजमध्ये जपून ठेवलेलं. एकीने मला ते काढून दाखवलं आणि खात्री करून घेतली, "माझाच नाव आहे ना ह्यावर?" म्हटलं, तुझंच. तिने ते पुन्हा आत ठेवलं. ऑफिसातून येणाऱ्या कागदावर तिचं नाव याआधी नवऱ्याच्या नावामागे यायचं, आणि तेही काहीतरी जमा करा असं सांगायला. अकरा वाजेपर्यंत शाळेचं अंगण भरलं. ग्रामसेवकांनी मोजणी केली, चष्मा पुसून पुन्हा केली, आणि म्हणाले की कोरम झाला, सुरू करू या.

पुढे बसलेली एक बाई म्हणाली, "कार्डावर काय लिहिलाय ते वाच ना, भाऊ."

त्यांनी वाचलं. "तू आल्याशिवाय सभा सुरू होणार नाही."

"मग? टोकाच्या घरची म्हातारी कुठे आलीय?"

टोकाच्या घरची म्हातारी विवळवेढ्याला, महालक्ष्मीच्या देवळात, नवस फेडायला गेली होती. तिच्या घरी कार्ड पोचलं होतं, म्हणजे तिलाही शब्द दिला होता. ग्रामसेवकांनी कायदा सांगितला. बायकांनी कार्डं वर केली, साठ दातेरी कार्डं, निळी-जांभळी. ग्रामसेवक माझ्याकडे बघायला लागले. ते वाक्य माझंच, आणि लिहिताना त्याचा अर्थ मलाच कळला नव्हता. 'जनता' आल्याशिवाय सभा सुरू होणार नाही, असं मी शंभर वेळा लिहिलं असेल आणि प्रत्येक वेळी सभा वेळेवर सुरू झाली असेल. आम्ही पावणेदोन तास थांबलो. ग्रामसेवकांनी तीनदा मोटारसायकलची किल्ली काढली आणि तीनदा खिशात टाकली, कारण त्यांच्या मोटारसायकलला टेकून सात बायका बसल्या होत्या. बाई शाळेच्या पायरीवर बसून पोरांना जुन्या पट्ट्यांची फुलं गुंडाळायला शिकवत होत्या. पोरांचे हात, बाईंच्या सूचना.

म्हातारी रिक्षातून उतरली, एवढी माणसं बघून आधी घाबरली, मग तिला कार्ड वाचून दाखवलं. तिने सगळ्यांना नारळाचा प्रसाद वाटला, पहिला तुकडा ग्रामसेवकांना. मग सभा सुरू झाली आणि दहा मिनिटांत संपली. ठराव झाला. सह्या आणि अंगठे मिळून पानं पुरेनात, पाठीमागे कागद जोडावा लागला. तो बाईंनी आपल्या पिशवीतून दिला, फिकट गुलाबी, दातेरी कडेचा. हा कागद वरच्या ऑफिसात गेला आहे आणि तिथे कुणाच्या तरी फाइलीतून बाहेर डोकावत असेल. उत्तर अजून आलेलं नाही. शाळा अजून सुरू आहे.

पाड्यावर गेलं की कुडाच्या भिंतीत खोचलेली ती कार्डं दिसतात. माझं पत्रक एकाही घरात नाही, मी शोधलं. आता दर सभेला कार्ड लागतं, त्याशिवाय कुणी येत नाही, आणि बाईंची खोकी भराभर रिकामी होत आहेत. जो साठा संपावा म्हणून मी दहा वर्षं भांडले तो संपतोय, आणि रिकामं खोकं उलटं करून ठेवताना बाई माझ्याकडे बघतात तेव्हा मी पुढच्या कार्डावर नाव लिहायला घेते. चमकीची छत्तिसावी ट्यूबही गेली. पाचवं खोकं अजून बंद आहे. त्यात काय आहे ते मी विचारत नाही.

तेव्हा एक काम करा. तुमच्या माळ्यावर, शिवणाच्या डब्यात, मुलीच्या जुन्या कपाटात एक झिगझॅग कात्री पडून असेल. कुणीतरी हौसेने आणलेली, आता कुणी हात लावत नाही अशी. बाईंची कात्री अगदीच बोथट झालीय, आणि पावसाळ्यानंतरची सभा जवळ आलीय. आशागडकडे येणं झालं तर ती घेऊन या. डिझाइनवाल्या मावशी कुठे राहतात म्हणून विचारा, कुणीही सांगेल. चहा अर्धा कप मिळेल, तो प्या. आणि कात्री देताना त्यांच्या हाताकडे बघू नका.